नोटरीकाकांची मुदत

नोटरीकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी कौतुकाने श्रीखंडाचा डबा उघडून पुढे ठेवला. त्यांनी झाकण पुन्हा लावलं, डबा उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तळाची बारीक अक्षरं वाचली. मग म्हणाले, "चालू आहे. वाढा."

पूर्ण नाव ॲडव्होकेट मल्लिनाथ बिराजदार. जुळे सोलापुरात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि कोर्टाजवळ एका छोट्या गाळ्यात बसतात. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, मृत्युपत्रं अशा कागदांवर माणसाने आपल्यासमोर सही केली, याची साक्ष म्हणून त्यांचा गोल शिक्का उमटतो. पण हा शिक्का जन्माचा मिळत नाही. सरकार पाच वर्षांसाठी नेमतं, आणि मुदत संपायच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज जावा लागतो. काकांचा अर्ज त्याच्याही आधी तयार असतो. या पाच वर्षांच्या घड्याळाने त्यांच्या डोक्यात असं काही घर केलंय की जगातल्या प्रत्येक वस्तूची त्यांना मुदत दिसते.

"मॅडम, तुमच्या गाडीची पीयूसी परवा संपते. गाफील राहायचं नाही." मी शाळेत शिकवते, म्हणून काकांसाठी मॅडम; हे ते मला जिन्यात सांगतात. माझी पीयूसी त्यांना कशी माहीत, हे मी विचारायचं सोडून दिलंय. लिफ्टची तपासणी, पाण्याच्या टाकीची सफाई, इमारतीचा विमा, सगळं त्यांना तोंडपाठ. पार्किंगमधल्या आग विझवायच्या लाल नळकांड्यापाशी तर ते देवदर्शनाला थांबल्यासारखे थांबतात. आम्ही हसायचो. एकदा तळमजल्यावर कुणाच्या तरी कढईने पेट घेतला आणि ते नळकांडं एका दाबात चाललं, तेव्हापासून जरा बेताने हसतो.

काकू मात्र मनमोकळं हसतात. "आमच्या लग्नाच्या दाखल्यावर मुदत छापलेली नाही," त्या म्हणतात, "म्हणून मी अजून आहे."

मागच्या खेपेला काकांनी सगळं वेळेत करूनही सरकारचा कागद यायला उशीर झाला. मुदत संपली त्या संध्याकाळी त्यांनी शिक्का कपाटात ठेवला आणि किल्ली काकूंकडे दिली. दुसऱ्या दिवशी गाळ्यात जाऊन बसले ते नुसतेच. मी माझ्या भावाच्या कामासाठी तिथे गेले होते, म्हणून पुढचं ऐकायला मिळालं. करकंबहून एक म्हातारी कागद घेऊन आली होती.

"मारा की एक शिक्का. हात दुखतोय व्हय?"

"आजी, आज मी नोटरी नाही."

"मग कोण हाय?"

"आज मी नुसता वकील."

म्हातारी हबकली. "आरारा! काढून टाकलं व्हय तुमास्नी?" मग तिने इकडे तिकडे बघितलं, पिशवीतून एक पेरू काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हुईल पुन्ना सगळं. जिवाला लावून घिऊ नगा." काका तिला हाताला धरून शेजारच्या नोटरीकडे सोडून आले. पेरू मात्र त्यांनी खाल्ला, त्याच्यावर तारीख नव्हती म्हणून.

असल्या बाणेदारपणाची किंमतही त्यांनी मोजली आहे. कलशेट्टी वकील त्यांचे कॉलेजपासूनचे जिवलग, तेही नोटरी. बऱ्याच वर्षांपूर्वी कलशेट्टींची मुदत संपली होती, नवा कागद वाटेवर होता, आणि मधल्या काळात त्यांनी शिक्के मारणं चालू ठेवलं. काकांनी हे त्यांना वकिलांच्या खोलीत, सगळ्यांदेखत सुनावलं. कलशेट्टी एवढंच म्हणाले, "तुझं अडेल तेव्हा बघू." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच हॉटेलात, पाठीला पाठ लावून चहा प्यायचा, पण बोलायचं नाही.

आणि यंदा अडलं. यंदा पहिल्यांदाच अर्जाला आधार जोडायचं होतं, आणि काकांचा अर्ज परत आला. नोटरीच्या सर्टिफिकेटवर मल्लिनाथ, आधार कार्डावर मल्लप्पा. नाव जुळत नाही, दुरुस्त करून पाठवा, नाहीतर नूतनीकरण नाही.

अख्ख्या इमारतीला आश्चर्य वाटलं. दुसऱ्यांची पीयूसी बघणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव दिसलं नाही? मी वर गेले आणि म्हटलं, "काका, सोपं आहे. आधारवरचं नाव बदलून घ्या. मी येते तुमच्याबरोबर."

"ते बदलायचं नाही," काका म्हणाले.

काकूंनी मला खुणेने गप्प बसवलं, पण काका आपणहून बोलू लागले. त्यांचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे. घरात कन्नड. आईने, त्यांच्या अव्वाने, ठेवलेलं नाव मल्लप्पा, मास्तरांनी शाळेत लिहिलं मल्लिनाथ. पुढे गावात आधारचं शिबिर लागलं तेव्हा ते आईला घेऊन गेले आणि स्वतःचंही उरकून घ्यायला बसले. समोरच्या पोराने नाव विचारलं. काकांनी तोंड उघडायच्या आत मागून आईने सांगून टाकलं, "मल्लप्पा." गावच्या रेशनकार्डावर तेच होतं, पोराने तेच घातलं.

"मला कळलं होतं की चूक होतेय," काका म्हणाले. "मी वकील माणूस. पण ती इतकी खूश झाली होती मॅडम, सरकारला आपण लेकाचं नाव सांगितलं म्हणून. मग राहू दिलं. आता तीही गेली, दोन वर्षं झाली. ते नाव आता कुठे उरलंय? तेवढ्या कार्डावर."

मी त्या माणसाकडे बघत राहिले. मुलं पप्पा म्हणतात, काकू अहो म्हणतात, कोर्टात बिराजदारसाहेब, इमारतीत नोटरीकाका. मल्लप्पा म्हणणारं कुणीच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

मार्ग एकच होता. मल्लिनाथ आणि मल्लप्पा ही एकाच माणसाची नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र करायचं. असली प्रतिज्ञापत्रं काकांनी आयुष्यभर केली, पण स्वतःच्या कागदावर स्वतःचा शिक्का चालत नाही. मी म्हटलं, तुमच्या शेजारच्या गाळ्यातल्यांकडे जाऊ.

"नको," काका म्हणाले. "शपथ खरी पाहिजे. मला दोन्ही नावांनी ओळखणारा वकील सोलापुरात एकच आहे."

मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून कलशेट्टींकडे नेलं. वाटेत सिग्नलला थांबल्यावर त्यांनी पुढच्या रिक्षावर लिहिलेली फिटनेसची तारीखसुद्धा वाचली नाही, तेव्हा मला काळजी वाटू लागली.

नूतनीकरण झालं का, ते आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. झालं, आणि मुदतीच्या आत. मला सांगायचंय ते त्या सकाळचं.

कलशेट्टी जाडजूड, पांढऱ्या मिशांचे. काकांना दारात बघून त्यांनी पेन खाली ठेवलं. काका आत गेले, आणि खरं सांगते, त्यांची नजर आधी भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे गेली.

"बघून घ्या," कलशेट्टी कोरडेपणाने म्हणाले. "चालू आहे. बसा."

त्यांनी कागद सावकाश वाचला. मला आता टोमणा येणार असं वाटत होतं. त्यांनी मान वर केली. "नाव सांगा."

"मल्लिनाथ बिराजदार."

"दुसरं?"

काकांचा आवाज खाली गेला. "मल्लप्पा."

"दोन्ही एकच?"

"एकच."

सही झाली, शिक्का झाला. कलशेट्टींनी कागद पुढे केला, पण सोडला नाही. दोघांनी एकेक टोक धरलेलं.

"अव्वा गेली ते मला दुसऱ्याकडून कळलं," ते म्हणाले. "कॉलेजात असताना दर रविवारी तिच्या हातचं जेवलो मी. मला सांगावंसं वाटलं नाही का बे, मल्लप्पा?"

काकांनी कागद टेबलावर तसाच टाकला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडले. कलशेट्टी उठून त्यांच्याजवळ खुर्ची घेऊन बसले.

पुढचं सगळं कन्नडमध्ये झालं. मला कन्नड येत नाही. शाळेला उशीर होत होता तरी मी दाराशी थोडा वेळ उभी राहिले. कलशेट्टी काहीतरी विचारत होते, काका सांगत होते. मला कळत होता तो एकच शब्द, मल्लप्पा. कलशेट्टी तो पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि दर वेळी काका मान वर करून "हां" म्हणत होते.