हाकाटीचा परवाना

एका जंगलात, बाळांनो, ओरडायलासुद्धा परवाना लागायचा.

हसू नका. तुम्हाला वर्गात बोलायला बाईंची परवानगी लागते की नाही? तसंच. फरक एवढाच की तुम्ही उगाच ओरडता, आणि तिथले प्राणी बिबट्या दिसला की ओरडायचे.

पूर्वी तसं नव्हतं. ज्याला बिबट्या आधी दिसेल त्यानं बोंब ठोकायची आणि बाकीच्यांनी पळायचं, अशी अडाणी पद्धत होती. वानर झाडावरून खाकरायचे, भेकर कुत्र्यासारखं भुंकायचं, टिटवी नदीकाठी आकाशपाताळ एक करायची. बिबट्याला बिचाऱ्याला कितीदा तरी उपाशी झोपावं लागायचं. पण त्याची तक्रार कोण घेणार? तक्रार घेणारं खातंच तेव्हा निघालं नव्हतं.

मग एका दुपारी एका मोरानं वाळक्या पानांत खारीची खुडबुड ऐकली आणि जंगल डोक्यावर घेतलं. वनराजांचा नुकताच डोळा लागला होता. ते दचकून उठले. राजा दचकला की कायदा होतो. संध्याकाळच्या आत फर्मान निघालं की यापुढे प्रशिक्षित आणि परवानाधारक प्राण्यांनीच ओरडावं. इतरांनी बिबट्या दिसल्यास शांतता राखावी. जो विनापरवाना ओरडेल, त्याला राहत्या जागेवरून उठवण्यात येईल.

वडाखाली हाकाटी परवाना खातं उघडलं. परवान्यासाठी प्रशिक्षण हवं, आणि प्रशिक्षणासाठी समन्वयक हवा. समन्वयक म्हणजे काय ते नीट ऐका, पुढे तुमच्यातलेच काही जण होणार आहात. समन्वयक स्वतः शिकत नाही आणि शिकवतही नाही. शिकणाऱ्याला शिकवणाऱ्यापर्यंत नेऊन पोचवायचं, एवढंच त्याचं काम.

या जागेवर भारद्वाज पक्ष्याची नेमणूक झाली. त्याची पात्रता विचारताय? सकाळी सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, हे तुमच्या आजीलाही माहीत आहे. कचेरीच्या दारात असा पक्षी असलेला बरा, असं वरच्यांचं मत पडलं. बिबट्या दिसला की भारद्वाज आजवर एकदाही ओरडला नव्हता. तो गुपचूप झुडपात शिरायचा. हा त्याचा संयम, असं म्हणून तोही गुण त्याच्या बाजूनं धरला गेला.

टिटवीचं उलट. टिटवी ओरडली की काहीतरी अशुभ घडतं, असं सगळं जंगल मानायचं. आता अशुभ येताना दिसतं म्हणून ती ओरडते, पण एवढा विचार करायला वेळ कुणाला आहे?

ही टिटवी नदीकाठच्या वाळूवर राहायची. तिथंच तिची अंडी होती, उघड्यावर, खड्यांत मिसळलेली. शेजारच्या कुरणात एक भेकर राहायची. तिला नुकतंच पाडस झालं होतं, अजून पायांत जोर नसलेलं. ती त्याला उंच गवतात लपवून चरायला जायची. टिटवीला ती मावशी म्हणायची. दोघींचं ठरलेलं होतं, जिला आधी दिसेल तिनं दुसरीला सावध करायचं. असा समन्वय त्या कितीतरी पिढ्या करत आल्या होत्या, पण त्याला कचेरी नव्हती, म्हणून तो मोजला जात नव्हता.

प्रशिक्षण सुरू झालं. पहिले काही दिवस हाकाटीचा इतिहास झाला. मग हाकाटीचं महत्त्व. मग सभ्य हाकाटीचा मंजूर नमुना सगळ्यांकडून पाठ करून घेतला. तो असा होता :

"सस्नेह नमस्कार. अमुक दिशेकडून एक सन्माननीय मांसाहारी सदस्य इकडे येत असल्याचं निदर्शनास आलं आहे. तरी संबंधितांनी आपापल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती."

टिटवी म्हणाली, "साहेब, एवढं म्हणेपर्यंत तो जेवून मिशा पुसत बसेल."

"घाई," भारद्वाज डोळे मिटून म्हणाला. "तुमच्या ओरडण्यात घाई फार आहे, बाई. शिवाय आवाज अशुभ आहे. तुम्हाला परवाना देता येणार नाही."

"मग मला बिबट्या दिसला तर?"

"तुम्हाला दिसू नये, यासाठी प्रयत्न करा."

टिटवी गेली. भेकरीलाही जावंसं वाटत होतं. पण भुंकणाऱ्या जातीत जन्मलेल्यानं परवाना काढलाच पाहिजे, नाहीतर नदीकाठचं कुरण सोडावं लागेल, असं नवं कलम निघालं होतं. दुसरीकडे गवत आखूड. आखूड गवतात पाडस लपवायचं कुठं? म्हणून ती रोज पाडसाला गवतात ठेवायची, "मावशी, लक्ष असू दे गं," म्हणायची आणि वडाखाली जाऊन बसायची.

"बस जा पोरी," टिटवी म्हणायची. "मी आहे. फक्त ओरडायला मनाई केलीय, बघायला अजून केलेली नाही."

मग आलं प्रात्यक्षिक. त्याला विषयतज्ज्ञ हवा, आणि त्या तज्ज्ञाला बिबट्याच्या हल्ल्याचा प्रत्यक्ष अनुभव हवा, असा नियम होता. भारद्वाजानं पुष्कळ शोध घेतला. पण ज्यांच्यावर हल्ला झाला होता, ते व्याख्यान द्यायच्या अवस्थेत उरले नव्हते. आता तुम्ही काय केलं असतंत? तुम्ही गप्प बसला असतात, कारण तुम्ही समन्वयक नाही. भारद्वाजानं विचार केला, की हल्ल्यात दोन बाजू असतात. एक बाजू मिळत नसेल तर दुसरी बोलवावी.

तो घळीत गेला आणि बऱ्याच उंच फांदीवर बसून त्यानं बिबट्याला निमंत्रण दिलं. समन्वय उंचावरून केलेला बरा.

बिबट्याला भरून आलं. "इतकी वर्षं या क्षेत्रात आहे," तो म्हणाला, "पण कुणी सन्मानानं बोलावलं नव्हतं हो."

"मानधन फारसं देता येणार नाही."

"छे छे, मानधन कसलं घेऊन बसलात. जेवणाची सोय तिथंच होईल ना?"

"होईल," भारद्वाज म्हणाला, आणि बाळांनो, हे एक आश्वासन त्या खात्यानं शंभर टक्के पाळलं.

बिबट्या आला. त्याचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. मोरानं स्वागतगीत म्हटलं. समोर बसलेल्यांच्या अंगावर काटा आला होता, चितळांचे कान ताठ झाले होते, पण ओरडायला कुणाकडे परवाना नव्हता. तो मिळवायलाच तर सगळे आले होते.

बिबट्या शिकवायचा छान, उगाच कशाला खोटं बोलू? दबा कसा धरतात, वारा कसा बघतात, मान कुठं पकडतात, सगळं समजावून सांगायचा. मग एकेकाला करवंदीच्या जाळीमागे वैयक्तिक मार्गदर्शनासाठी न्यायचा. मार्गदर्शन घेऊन परत कुणीच येत नसे. भारद्वाज त्यांच्या नावापुढे 'प्रशिक्षण पूर्ण' असं लिहायचा.

"साहेब, चितळांची ती थोरली दिसत नाही," भेकर एकदा भीत भीत म्हणाली.

"ती पुढच्या टप्प्यात गेली."

"आणि मोर?"

"त्याची प्रगती फारच झपाट्यानं झाली."

बाकीच्यांना कळत नव्हतं का? कळत होतं. पण प्रत्येकाला वाटायचं, साहेबांनी बोलावलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच बोलावलं असेल. वानर तर झाडावर बसून सगळं बघू शकले असते. पण हजेरी जमिनीवरच लागते म्हटल्यावर तेही खाली उतरले. मागच्या रांगा मोकळ्या होत गेल्या, त्यामुळे उरलेल्यांची पुढे बसायची सोय झाली.

शेवटी समारोपाचा दिवस उजाडला. प्रमाणपत्रं पानात गुंडाळून तयार होती. भेकर पहिल्या रांगेत बसली होती. एवढा एक कार्यक्रम पार पडला की कुरण आपलं, गवत आपलं, असं ती मनाशी म्हणत होती. प्रमाणपत्र आभारप्रदर्शनानंतर मिळणार होतं. जो आधी उठेल तो गैरहजर धरला जाईल, असं भारद्वाजानं दोनदा बजावलं होतं.

आणि आभारप्रदर्शन तुम्हाला माहीत आहेच. भारद्वाजानं वनराजांचे आभार मानले, सावली दिल्याबद्दल वडाचे मानले, वाऱ्याचे मानले. वळून तो प्रमुख पाहुण्यांचे आभार मानायला गेला, तर खुर्ची रिकामी.

पाहुणे नदीकाठच्या गवतात होते. पोट जमिनीला टेकवून, एकेक पाऊल टाकत पुढे सरकत होते.

टिटवीला ते दिसले. गवतात पाडस कुठं झोपलंय हेही तिला दिसत होतं, आणि पायाशी स्वतःची अंडी दिसत होती, उबायला आलेली. ओरडलं तर वाळूवरून उठवणार. पाखरू अंडी उचलून नेणार कशी? नाही ओरडलं तर पाडस गेलं. शहाण्या प्राण्यानं अशा वेळी वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवलं असतं. टिटवी मूर्ख होती. तिनं सगळा जीव गळ्यात आणला आणि असं ओरडली की पलीकडच्या काठावरचे बगळेसुद्धा उडाले.

वडाखाली सगळ्यांनी ऐकलं. भेकर ताडकन उठली.

"बसून घ्या," भारद्वाज म्हणाला. "अजून स्वयंपाकवाल्यांचे आभार राहिलेत."

"साहेब, मावशी ओरडतेय. माझं लेकरू आहे तिथं."

"तिच्याकडे परवाना नाही. तिचं ओरडणं ग्राह्य धरता येत नाही. उठलात तर प्रमाणपत्र विसरा."

भेकरीनं रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि पळत सुटली. पळता पळता भुंकली, तेही जुन्या पद्धतीनं, सस्नेह नमस्कार न म्हणता. इकडे टिटवी बिबट्याच्या डोक्यावर झेपा घेत होती. बिबट्याचं एक आहे, त्याचा सगळा जोर न दिसण्यावर. एकदा दोघींनी बघितलं म्हटल्यावर तो उठला, अंग झाडलं आणि जणू फिरायला आला होता अशा थाटात व्यासपीठावर परत जाऊन बसला. पाडस वाचलं.

"कार्यक्रमात फार व्यत्यय आला," बिबट्या म्हणाला. "मन लागत नाही अशानं."

भारद्वाजानं त्याची माफी मागितली. मग उरलेल्यांना प्रमाणपत्रं दिली आणि जेवणासाठी सगळ्यांना जाळीमागे नेलं.

दुसऱ्या दिवशी टिटवीला उठवायला खात्याची रानडुकरं आली. झाडावर भारद्वाज होता.

"अंडी उबायला आलीत हो," टिटवी म्हणाली. "थोडं थांबा."

"अंड्यांसाठी वेगळा अर्ज असतो. तो घेणारी जागा अजून भरलेली नाही."

तेव्हा भेकर आली आणि अंडी पोटाखाली घेऊन उभीच राहिली. डुकरांनी तिच्या भोवतीची सगळी वाळू तुडवली. कडेचं एक अंडं फुटलं. मला या ठिकाणी अजून राग येतो, पण बोधकथा सांगणाऱ्यानं रागवायचं नसतं, म्हणून पुढे जातो.

बाकीची उबली. टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की चालायला लागतात, त्यांना कुणी प्रशिक्षण देत नाही. उन्हाळ्यानं नदी उतरली होती. टिटवी, भेकर आणि लेकरं पाण्यातून पलीकडच्या जंगलात निघून गेली.

अलीकडच्या जंगलात आता फार शांतता होती. भारद्वाजानं वर अहवाल पाठवला, की प्रशिक्षण सर्वांचं पूर्ण झालं असून खोटी हाकाटी एकदाही झालेली नाही. खरीही झालेली नाही. वनराज गाढ झोपले.

एके दिवशी बिबट्या कचेरीत आला. "शिकायला कुणी उरलं नाही हो साहेब," तो म्हणाला, आणि त्यानं भारद्वाजाकडे चोचीपासून शेपटीपर्यंत सावकाश बघितलं. "तुमचं स्वतःचं प्रशिक्षण झालंय का कधी?"

एवढं मात्र भारद्वाजाला लगेच समजलं. त्यानं बदलीचा अर्ज केला. एवढ्या यशस्वी पक्ष्याला कोण नाही म्हणणार? बढतीवर बदली झाली, नदीपलीकडच्या जंगलात. जाताना त्यानं अनुभवी विषयतज्ज्ञही बरोबर नेला.

पलीकडच्या जंगलातले प्राणी सकाळी उठले तर समोर भारद्वाज. सगळ्यांना फार आनंद झाला. तेवढ्यात नदीकाठी टिटवी जिवाच्या आकांतानं ओरडायला लागली.

"काय अशुभ बाई आहे," सगळे म्हणाले. "चांगल्या दिवशी नेमकी ओरडते."

फक्त एक पाडस कान टवकारून उठलं आणि आईच्या मागे पळत सुटलं. आता त्याच्या पायांत जोर आला होता.

तात्पर्य : बिबट्या दिसला म्हणून लगेच ओरडू नये. तो गवतात आहे की व्यासपीठावर, हे आधी बघावं. गवतात असेल तर परवान्यासाठी अर्ज करावा. व्यासपीठावर असेल तर टाळ्या वाजवाव्यात आणि शक्यतो पुढच्या रांगेत बसावं, कारण मागच्या रांगेतल्यांचं प्रशिक्षण आधी पूर्ण होतं.