आमेनचं माहेरपण

शपथेवर सांगतो, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. मी तेव्हा नाशिकला होतो, ती गोष्ट वेगळी.

आमच्या वसईकडच्या गावात परमुलखातून आलेले शब्द उन्हाळ्यात माहेरी जातात. परत येईपर्यंत तो शब्द कुणाच्याच तोंडून निघत नाही. 'चावी' पोर्तुगालला गेली की आम्ही दारं उघडी टाकतो. 'बटाटा' गेला की बाजारात बोट दाखवायचं. ग्रामपंचायत रजा मंजूर करते, बायका ओटी भरतात, शब्द एसटीत बसतो.

फक्त 'आमेन' तेवढी कधी गेली नव्हती. माहेर हिब्रू, लांबचं. शिवाय तिच्याशिवाय प्रार्थना पुरी होत नाही, आणि देव शिस्तीचा; प्रार्थना पुरी झाल्याशिवाय तो ना हो म्हणतो, ना नाही.

यंदा तिनं रजा मागितली.

"आत्ताच?" ग्रामसेवक म्हणाले. "इनासकाका अंथरुणाला खिळलेत, डॉक्टरांनी हात टेकलेत. नातालीनमावशी नवऱ्यासाठी रोज क्रुसापाशी बसतात. त्यांची हरकत असेल तर रजा नाही."

मावशीला बोलावलं.

"हरकत कसली?" मावशी म्हणाली. "मला दर मे महिन्यात माहेर मिळालं. ही बिचारी आल्यापासून सगळ्यांच्या तोंडी राबतेय. जा गं बाय. आईला विचार, नाव ठेवताना तिच्या मनात काय होतं."

"'तसंच होवो,'" आमेन म्हणाली. "एवढंच."

"एवढंच काय थोडं आहे?"

त्या संध्याकाळी मावशीनं देवाला सांगितलं, "याला बरं कर, नाहीतर त्रास न देता ने." पुढं तोंड उघडलं, तर शब्द नव्हता. प्रार्थना उघडीच राहिली. इनासकाका तिथंच अडले. बरे होईनात, जाईनात. चहात साखर कमी म्हणून कुरकुरायचे मात्र.

"कुरकुर तरी आहे," मावशी म्हणायची.

जून लागला तशी आमेन परतली. अंगावर माहेरचं तेज, उच्चारही बदललेला, शेवटच्या अक्षरावर जोर.

"म्हणा मावशी," ती दारातूनच म्हणाली. "तुमचं बरंच रखडलंय."

मावशीनं खाटेकडं पाहिलं आणि पाट मांडला. "दमली असशील. बस. आधी माहेरचं सांग, सगळं."

"सगळं? हजारो वर्षांचं आहे हो."

"मग सावकाश सांग. घाई कुणाला आहे?"

"मोठ्यानं सांग," काका खाटेवरून म्हणाले. "आणि चहा टाका. साखर घालून."

ती अजून सांगते आहे. रविवारी फादर प्रार्थनेच्या शेवटी थांबतात, थोडी वाट बघतात, मग सगळे हळूच घरी जातात. कुणी तक्रार केलेली नाही.

यात खोटं म्हणाल तर तो पाट, आणि पाटानंतरचं सगळं. बाकी अक्षरन् अक्षर खरं. ती दारात आली तेव्हा काका म्हणाले, "नातालीन, म्हण आता." मावशीनं त्यांचा हात हातात घेतला, आणि म्हटलं.