सुभद्रा टॉकीजमधले दादा-वहिनी

मला वाटले होते, सुभद्रा टॉकीजमध्ये गंजलेले डबे असतील, डब्यांत आंबलेली फिल्म असेल, आणि मी ती वाचवीन. प्रत्यक्षात रिळे ठणठणीत होती. फक्त त्यांतले अमेरिकन जोडपे आता मराठीत भांडत होते, आणि तेही आमच्या गावातल्या नवरा-बायकोंची भांडणे.

जुने चित्रपट कसे जतन करावेत हे मी परदेशात शिकले. हा चित्रपट आम्हाला अभ्यासाला होता. श्रीमंत जोडपे, मोठा जिना, पियानो, फुटणाऱ्या फुलदाण्या, दर थोड्या वेळाने घटस्फोटाची धमकी. तिथल्या प्रतीचे शेवटचे रीळ हरवले होते. त्या दोघांचे अखेर जुळले की मोडले, हे जगात कुणालाच माहीत नव्हते. एकदा फोनवर मी आईला, म्हणजे माईला, ही गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, “अगं, हे तर आपले दादा-वहिनी. डबे सगळे आहेत की शकूमावशीकडे, टॉकीजमध्ये.” मी लहानपणी तिथे कधी गेले नव्हते. लग्न न झालेल्यांना सुभद्रा टॉकीजमध्ये सोडत नसत, आणि मोठी माणसे त्याविषयी घरी बोलत नसत.

प्रत घेऊन जायची, स्वच्छ करायची, मूळ इंग्रजी आवाज परत आणायचा आणि जगाला शेवट दाखवायचा, एवढे मनाशी पक्के करून मी गावी आले.

टॉकीजच्या मालकीणबाई शकूमावशी पाटकर तिकिटाच्या खिडकीतच बसतात. त्यांनी मला आत स्टूल दिले.

“महाशिवरात्रीला देवाचा चित्रपट मागवला होता,” त्या म्हणाल्या. “डबा आला. आमच्या सासऱ्यांनी हार घातला, नारळ फोडला, आणि मग कळलं की आत हे गोरे लोक. परत कसा पाठवणार? नारळ फुटला होता.”

म्हणून चित्रपट लावला. इंग्रजी कुणालाच कळेना. मग बायका वहिनींना आपापली वाक्ये सुचवू लागल्या आणि पुरुष दादांना. काही वर्षांत पडद्यावरच्या त्या दोघांनी ती उचलली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी गावातली जोडपी खिडकीशी भांडण देतात आणि आत जाऊन ऐकतात. बायकांनी डावीकडे बसायचे, पुरुषांनी उजवीकडे. घरी मात्र बरोबर जायचे.

मी बसले असतानाच गुलाबराव गुरुजी आणि इंदूताई आले.

“यांनी माझं कपाट आपल्या बहिणीला देऊन टाकलं,” इंदूताई म्हणाल्या.

“विचारून दिलं.”

“मी झोपेत असताना विचारलं!”

“तू हो म्हणालीस.”

“मी घोरत होते!”

“सासूबाई मध्ये आहेत का?” शकूमावशींनी विचारले. “सासूचं घेत नाही मी, फक्त नवरा-बायकोचं. नाहीत ना? मग घेतलं. कपाट. पुढचे या.”

माझे लग्न झालेले नसले तरी मला कामापुरते आत सोडले. पडद्यावर वहिनी चमचमत्या झग्यात जिना उतरत आल्या आणि म्हणाल्या, “आज कपाट दिलंत, उद्या मला द्याल!”

दादांनी आधी हॅट काढली. उत्तर देण्यापूर्वी ते नेहमी हॅट काढतात. “तुला कोण घेणार, बाई?”

उजवीकडे हशा पिकला. डावीकडून कुणीतरी ओरडले, “वहिनी, सोडू नका!” एक फुलदाणी फुटली. मग वहिनी पियानोला टेकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “त्या कपाटाला माझ्या आईच्या हातचा वास होता हो.”

दादा पायरीवर बसले. “हे मला ठाऊक नव्हतं.”

उजवीकडे गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

अशी एकामागून एक भांडणे झाली आणि संध्याकाळ होऊन खेळाची वेळ संपली. शेवटचे रीळ डब्यातच राहिले. ते कधीच लावले गेलेले नाही, कारण तिथपर्यंत कधी वेळच उरत नाही. म्हणून ते नव्यासारखे आहे.

लोक गेल्यावर मी पडद्याजवळ गेले. मशीन चालूच होते.

“तू कोठावदेंच्या दुकानातली ना?” वहिनींनी विचारले. “नाक आईचं घेतलंस.”

“तुम्ही ओळखता मला?”

“तुझ्यावरून आम्ही किती रविवार भांडलो! पोरीला एवढ्या लांब पाठवायचं की नाही. या घरात तेवढ्या फुलदाण्या पुरल्या नाहीत.”

“मी तुझ्या वडिलांच्या बाजूने होतो,” दादा म्हणाले. “हरलो. चांगलं झालं.”

माझ्या घरात मी कधी चढलेला आवाज ऐकला नव्हता. मी जाणार हे ठरले त्या संध्याकाळी अण्णा बाहेरून आले आणि एवढेच म्हणाले, “बॅग मोठी घ्या.” मला तेव्हा वाटले होते, माझे वडील मुळातच पुढारलेले आहेत. मी जिच्यामुळे शिकले ती बाई माझ्यासमोर झगा सावरत उभी होती, आणि मी तिला न्यायला आले होते.

मी ते सांगितले. लपवण्यासारखे काही नव्हते.

“तिथे पुन्हा इंग्रजीत बोलावं लागेल?” दादांनी विचारले.

“हो. अगदी मूळच्यासारखं.”

“मला तर त्यातला एक शब्द आठवत नाही.”

वहिनींनी पियानोचे झाकण लावले. मग म्हणाल्या, “ते राहू दे. तू शिकलेली आहेस, एक सांग. शेवटी आमचं जुळतं का?”

“कुणालाच माहीत नाही, वहिनी. ते तुमच्याच शेवटच्या रिळात आहे.”

“बघ ना. गावाची कपाटं निस्तरली, पापड निस्तरले. आमचं स्वतःचं भांडण तेवढं पहिल्या रिळात राहिलं. या माणसाचं माझ्याशी काय ठरलं, ते मला अजून कळलेलं नाही.”

“आणि मिटलं तर?” दादा म्हणाले. “पुढच्या रविवारी लोकांचं कोण भांडेल?”

“तुम्ही आधी हॅट काढा आणि मग बोला,” वहिनी म्हणाल्या.

घरी येऊन मी माई-अण्णांना सगळे सांगितले.

सकाळी उठले तर स्वयंपाकघरात दोघे समोरासमोर उभे होते.

“तुम्ही ओला टॉवेल गादीवर टाकता,” माई म्हणाली. “हे मी रविवारसाठी ठेवलं होतं. पण म्हटलं, या खेपेला घरीच करून बघू.”

अण्णा गोंधळले. त्यांचा हात डोक्याकडे गेला. तिथे टोपी नव्हती. “आता मी काय म्हणायचं?”

“काहीतरी लागेल असं म्हणा.”

“मी... मी टॉवेल टाकणारच!”

“टाकून तर बघा!” माई म्हणाली, आणि दोघांनी घाबरून माझ्याकडे पाहिले. काही फुटले नव्हते. अण्णांनी चहा ठेवला. माईने त्यात आले किसले. “दादा-वहिनींनाही एक सुट्टीचा रविवार मिळू दे,” ती म्हणाली. “एवढं तर येईल आम्हाला.”

चहा पिता पिता मी ठरवले. प्रत कुठेही जाणार नाही, तसे मी तिकडे कळवणार. येत्या रविवारी शकूमावशी खिडकी बंद ठेवतील आणि गाव आपापली भांडणे आपापल्या घरी, जमतील तशी, करील. पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत चित्रपट फक्त दादा-वहिनींचा. दोन माणसांचे मिटत असेल किंवा मोडत असेल, तेव्हा बाकीच्यांनी खोलीबाहेर जायचे असते. म्हणून खुर्च्या रिकाम्या राहतील. मशीन मी चालवीन. आणि शेवटचे रीळ लावले की पडद्याकडे पाठ करून उभी राहीन.