हिंदुरावाच्या आईचा फोटो

"हिंदुराव, धुक्यातली मुंगी हसतीय का रडतीय, ते सांगतो मी या कॉम्प्युटरवर! तुमच्या आईचं काय घेऊन बसलाय?"

दादासोने हे छाती काढून सांगितलं. १९९८ साल होतं. इंदापूरच्या एसटी स्टँडमागं त्याचं 'प्रतीक्षा व्हिडिओ शूटिंग' नावाचं दुकान. लग्नाच्या कॅसेटी काढता काढता त्याने कॉम्प्युटर घेतला होता. गल्लीतला पहिला! त्या खोलीत पाहुण्यांनी चपला काढून यायचं आणि बायकोनं, म्हणजे मनीषानं, ओल्या हातानं उंबराच ओलांडायचा नाही. पुण्याहून आणलेल्या एका सीडीत म्हणे असा प्रोग्रॅम होता, की जुन्या कॅसेटमधलं अंधूक चित्र मोठं आणि टवटवीत व्हायचं. 'म्हणे' अशासाठी, की दादासोने तो अजून एकदाही चालवून पाहिला नव्हता.

हिंदुराव निमगाव केतकीचा. कारखान्यावर वायरमन. मांडीवर स्वतःच्या लग्नाची कॅसेट घेऊन तो अवघडून बसला होता. नऊ वर्षांपूर्वीचं ते शूटिंग दादासोनेच केलेलं, अगदी शिकाऊ असताना.

"रविवारी आईचं तिसरं पुण्यस्मरण हाय," हिंदुराव म्हणाला. "घरात तिचा एक फोटो न्हाय. जल्म गेला मेंढरांमागं, फोटोला कुठं थांबली ती! या कॅसेटीत तेवढी हाय. हिरवं लुगडं, मांडवाच्या खांबापाशी. पर तोंड वळखू येत न्हाय. दर साली लोक फुलं घेऊन येत्यात आन् रिकाम्या भिंतीकडं बघत बसत्यात."

त्याने बाहीने डोळे पुसले. दादासोलाही भरून आलं. भरून आलं की तो जास्तच बोलायचा.

"रविवारी सकाळी आई भिंतीवर! शब्द दिला!"

मंगळवारी कॅसेट कॉम्प्युटरवर चढवली. प्रोग्रॅम सुरू झाला. पडद्यावर टक्के दिसायला लागले. एक टक्का... दोन टक्के... उसाची भरलेली बैलगाडी चढाला लागावी तसे! बुधवारी दुपारी एकोणनव्वद झाले आणि लाईट गेली. पुन्हा पहिल्यापासून. गुरुवारी सकाळी चौऱ्याण्णव झाले, पुन्हा लाईट गेली! दादासो खुर्चीवर बसेना, उभा राहीना. दर पाच मिनिटांनी पडद्याला नाक लावून यायचा.

"तवर हिंदुरावाच्या आईचा दुसरा जल्म झाला असंल!" मनीषा उंबऱ्यापलीकडून म्हणाली.

शुक्रवारी एकदाचे शंभर झाले. चित्र मोठं झालं, पण सगळंच फिकट. दादासोने रंगाचं बटण दाबलं. पांढरा मांडव गुलाबी झाला, नवरदेव निळा पडला, तांबडी लुगडी हिरवी झाली आणि हिरवी काळी! पण एक गोष्ट झकास झाली. खांबाला टेकून बसलेली हिरव्या लुगड्यातली एक बाई ठळक दिसायला लागली.

"सापडली!" दादासो ओरडला.

चेहरा मोठा केला तर ताटातल्या बर्फीसारखे चौकोनच चौकोन. ते मऊ केले तर चेहऱ्याचं सोललेलं उकडलेलं अंडं झालं. मग कडा धारदार केल्या. नाकाचं खुरपं झालं! शेवटी माऊस घेऊन त्याने नाक, भुवया, ओठ हातानेच सारखे केले.

"ही त्येंची आईच कशावरनं?" मनीषाने विचारलं.

"कॉम्प्युटर काय खोटं बोलतोय व्हय?"

तरी चेहरा एकदा हिंदुरावाला दाखवून घ्यावा, असं त्याला वाटलं. पण शनिवार उजाडला होता. त्याने पडद्याचाच कॅमेऱ्याने फोटो काढला, बारामती गाठली, रोल धुऊन मोठी प्रिंट आणि सोनेरी फ्रेम करून घेतली.

रविवारी सकाळी दादासोने निमगावात जाऊन फ्रेम हातात दिली, तेव्हा हिंदुराव फोटोकडं बघत राहिला.

"आईचं कपाळ... जरा रुंद न्हवतं का?"

"जुन्या कॅसेटीत चेपलेलं असतंय. हे खरं कपाळ," दादासो म्हणाला. बोलताना त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

हिंदुरावाने फोटो भिंतीवर टांगला. एवढ्यात त्याची बहीण सारजा आली, फोटो पाहिला आणि "आई गं!" म्हणून तिने हंबरडा फोडला. मग शंकेला जागाच उरली नाही. हार चढला, उदबत्ती लागली. "काय तेज हाय माउलीच्या मुखावर!" असं कीर्तनकार बुवा दोनदा म्हणाले. दादासो कौतुक ऐकायचं सोडून तीनदा पाणी प्यायला, दोनदा त्याने फोटो सरळ केला. फोटोतली बाई त्याच्याकडंच रोखून बघत होती.

पंगत बसणार, तोच लासुर्ण्याकडून हिंदुरावाची चुलती कुशाबाई आली. सत्तरीची, काठी टेकत. एसटी चुकली होती. आल्या आल्या तिने फोटोला फूल वाहिलं, हात जोडले, डोळे पुसले. पुसलेल्या डोळ्यांनी पुन्हा बघितलं. मग जवळ गेली. आणखी जवळ गेली.

"हिंदुराव..."

"काय नानी?"

"मी मेलीय व्हय रं?"

दारातल्या मांडवातली माणसं फोटोपाशी गोळा झाली.

"आरं, ही मी हाय की! तुझ्या लग्नात खांबाला टेकून बसलेली. गुडघा दुखत हुता माझा. पर लुगडं तांबडं हुतं. हिरवं कुणी नेसवलं मला?"

"मी सकाळपास्नं हिच्यापुढं रडतीया!" सारजा किंचाळली. बुवांनी टाळ पिशवीत घातले.

"मला वाटलंच हुतं कपाळावरनं," हिंदुराव पुटपुटला. "पर कॉम्प्युटरनं केलंय म्हणल्यावर... म्हणलं मीच इसरलो असंन."

हे ऐकून दादासोला शिव्या खाल्ल्यापेक्षा वाईट वाटलं. तो मागच्या दारानं सटकायच्या बेतात होता. पण परत फिरला.

"मूळ कॅसेट लावा," तो कसाबसा म्हणाला. "माझ्या गाडीवर ती आन् व्हीसीआर हाय." टवटवीत कॅसेट गावाला दाखवून शाबासकी घ्यायची, म्हणून आणला होता तो!

टीव्हीवर जुनं, मुंग्या आलेलं चित्र सुरू झालं. कुशाबाई पडद्याला चिकटून बसली.

"थांब! ती बघ म्हाळसा, माझी जाऊ! बसायला कुठं सवड हुती तिला?"

खांबामागनं हिरव्या लुगड्यातली एक बाई कमरेवर घागर घेऊन झपाझप चालत गेली. पंगतीकडं अर्धी वळली आणि निघून गेली. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. सगळं मिळून दोन सेकंद.

"आई!" हिंदुराव म्हणाला. त्याला चेहरा लागलाच नाही, चालीवरूनच कळलं. सारजा या वेळी रडलीसुद्धा नाही, नुसती हसत होती. ते दोन सेकंद त्यांनी अकरा वेळा बघितली.

"मोठं करू का?" सवयीनं दादासोच्या तोंडून निघून गेलं.

"हात लावू नगंस!" अख्खा मांडव ओरडला.

दादासो खाली मान घालून फ्रेम काढायला स्टुलावर चढला. "ही नेतो परत," तो म्हणाला. "फोडून टाकतो."

"फोडतोस कशाला?" कुशाबाईने काठीने त्याला अडवलं. "चांगली गोरी केलीयास की मला! माझ्याकडं दे. पुढंमागं लागंलच. हार तेवढा काढ आत्ता."