घरच्या पाहुणीचं नेट

धुरपदाबाईंच्या घरात इंटरनेट बैठकीपर्यंत यायचं आणि माजघराच्या उंबऱ्यावर मान टाकायचं. बैठकीत पुरुष क्रिकेट बघत. माजघरात मात्र लेकीची लेक भाविका धुळ्याहून फोनवर दिसू लागली, की तिचं उघडलेलं तोंड उघडंच राही. त्यात भाविकाच्या मुलीचं बारसं आलं. गुडघ्यांमुळे बाईंना अमळनेरचं स्टँडही लांब, जीपमध्ये चढणं तर दूरच. म्हणून असं ठरलं, की नाव कानात आत्या सांगेल, पण सगळ्यांसमोर मोठ्यानं घेईल पणजीच, फोनवरून. बाईंनी हुकूम सोडला, माजघरात नेटचा दुसरा डबा बसवा.

थोरला मुलगा प्रेमराज तालुक्याच्या एका कचेरीत होता आणि नुकताच जळगावहून सायबर सुरक्षेचं एक दिवसाचं प्रशिक्षण, दुपारच्या जेवणासह, घेऊन आला होता. राउटर आणणं, वायर ओढणं ही त्याच्या मते किरकोळ कामं. आधी धोरण. त्यानं भरल्या ताटांसमोर जाहीर केलं, की आजवरचा पासवर्ड हा दिपमालाचा, म्हणजे त्याच्या सुनेचा, मोबाईल नंबर असून तो दूधवाल्यालाही पाठ आहे, सबब तो तत्काळ प्रभावानं रद्द करण्यात येत आहे. नव्या पासवर्डात लहानमोठी अक्षरं हवीत, आकडे हवेत, एखादं चिन्ह हवं, आणि घरातल्या कुणी तो विसरता कामा नये. पुष्कळ डोकं खाजवून त्यानं मुलगा समाधान आणि दिपमाला यांची इंग्रजी नावं, मधे 'अँड'चं वेटोळं आणि लग्नाची तारीख असा पासवर्ड नक्की केला. प्रशिक्षणात अशालाच मजबूत म्हणत.

दुसरा डबा बसला. मग प्रेमराजनं पाहुण्यांसाठी वेगळं नेट काढलं, ते दिवेलागणीला आपोआप बंद होणारं, आणि त्यात पहिलं नाव घातलं आईचं. न वाचता स्क्रीनवर बोट लावणारा माणूस हाच घराला सगळ्यात मोठा धोका, असं त्याला शिकवलं होतं.

"मना घरमा मीच पाव्हनी शे का रे?"

"माय, हे तुझ्याच सुरक्षेसाठी आहे."

बारशाच्या दिवशी सगळं घर जीपनं धुळ्याला गेलं. प्रेमराज नेटवर्कच्या देखरेखीसाठी मागे राहिला. तिकडे पाळणा सजायला उशीर झाला, इकडे दिवे लागले आणि पाहुण्यांचं नेट मिटलं. बाईंनी आधी सांगितलं, मग चढ्या आवाजात सांगितलं. प्रेमराजनं शांतपणे समजावलं, की हॅकरसुद्धा आधी म्हाताऱ्या माणसाच्या आवाजातच विनंती करतो. एकाला सूट दिली की भोक पडतं.

बाई फोन घेऊन ओट्यावर आल्या. तिथं शेजारचा रतिलाल पाय पसरून सिनेमा बघत होता. सांडपाण्याच्या भांडणापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"कोनं नेट शे?"

"तुमनंच, अक्का."

"अन् पासवर्ड?"

रतिलालनं मान न उचलता वर बोट केलं. "भीतवर लिखेल शे ना. बठ्ठा गाव वाचस."

समाधानच्या लग्नात फॅशन म्हणून रंगाऱ्याकडून दर्शनी भिंतीवर इंग्रजीत रंगवून घेतलेली ती नावं, मधलं वेटोळं आणि तारीख, हातभर मोठ्या अक्षरांत, अजून तशीच होती.

बाईंनी फोन पुढे केला. रतिलालनं भिंतीकडे बघत एकेक अक्षर टाकलं. पाळणा दिसला, बाळाची मूठ दिसली. बाई नाव घेणार, तोच आत प्रेमराजच्या मोबाईलवर घंटा वाजली, की घरच्या नेटवर अनोळखी फोन शिरला आहे. त्यानं तो तिथल्या तिथं अडवला आणि काठी घेऊन बाहेर धावला. पडद्यावरची मूठ थिजली.

रतिलालचा फोन मात्र चालूच होता. तो रोजचाच असल्यानं घरच्यांत मोजला गेला होता.

"तुनं कुलूप चोरले वळखस, मायले नही," बाई म्हणाल्या. रतिलालनं हे ऐकलंच नाही असं दाखवून आपला फोन त्यांच्या हातात दिला. धुळ्याचा नंबर बाईंना तोंडपाठ होता. अशा रीतीनं शेजाऱ्याच्या फोनवरून, स्वतःच्याच नेटवर, पणजीनं नाव घेतलं: स्वरांगी.

दुसऱ्या दिवशी प्रेमराजनं भिंतीला चुना मारून घेतला आणि नवा पासवर्ड ठरवला: स्वरांगी आणि तिची जन्मतारीख. तोवर धुळ्याच्या प्रत्येक पाहुण्याच्या स्टेटसवर दोन्ही झेंडूच्या चौकटीत झळकत होती.

हसा, खुशाल हसा. फक्त आपल्या पासवर्डात कुणाचं नाव आणि कोणती तारीख आहे, ते जरा आठवा. आणि त्या तारखेचा केक कुणाकुणाला दाखवलात, तेही. तुम्हाला तर भिंतीचीसुद्धा गरज पडली नाही.