अमावस्येचा फिल्टर

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मोटारसायकलचा पेट्रोल फिल्टर बदलला. नवरा-बायकोचं शेवटचं काम म्हणून सांगायला काही बरं दिसत नाही, पण झालं ते झालं. मी अंगणात पाटावर बसून टाकीखालचा कॉक बंद केला. आमच्या बुढीनं नळी दोन बोटांत चिमटली. मी जुना फिल्टर ओढला. थोडं पेट्रोल तिच्या लुगड्यावर सांडलं, तर म्हणाली, "सांडू द्या, ढेकूण पळतीन." मग वास जाईपर्यंत देवापुढचा दिवा लावला नाही. देव्हाऱ्याकडं पाहून म्हणाली, "जरा थांब बाप्पा, आज अमावस्या हाये."

लोक अमावस्येला गाडीला लिंबू-मिरची बांधतात. आमची बुढी फिल्टर बदलायची. दर अमावस्येला. बडनेऱ्यात असं दुसरं घर असेल तर मला दाखवा. गॅरेजवाला सांगून सांगून थकला, "काकू, इतक्या लवकर नाई बदलवा लागत. लय दिवस चालते एक फिल्टर."

"मंग तू चहाची गाळणी वर्षाले एकदाच धुतं काय?" बुढी विचारायची. तो बिचारा नवा फिल्टर काढून द्यायचा. तिच्यापुढं बोलून कोणाचं भलं झालं आहे?

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. टाकीतून कार्बोरेटरकडं जी नळी जाते, तिच्या मध्ये बोटाएवढी प्लास्टिकची डबी असते. टाकी जुनी झाली की आतून गंज सुटतो, तो या डबीत अडकतो. डबी भरली की गाडी उपाशी मरते. डबीवर एक बाण असतो, त्याचं तोंड कार्बोरेटरकडं ठेवायचं. एवढंच शास्त्र.

पण बुढीला हे शास्त्र भारी आवडलं. ती आधीच सगळं गाळणारी बाई. पाणी गाळायची, ताक गाळायची, गाळलेलं दूध पुन्हा गाळायची. माझी चुलत बहीण चांदूर रेल्वेहून येऊन गेली की बुढी म्हणायची, "बाईचं बोलनं गाळून घ्या. खाली लय गाळ उरते."

अमावस्येचं हे खूळ सुरू कसं झालं, त्याला कारण आमचा प्रकाश. तो अकोल्याला नोकरीला आहे. एकदा भर उन्हात पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. मी ढकलत घरी आणली आणि दारात बसलो, तो मला उठताच येईना. प्रकाश धावत आला. मला सलाईन लागलं, आणि गाडीला शिक्षा झाली.

"बाबा, आता अजून एकदा गाडी रस्त्यात बंद पडली का मी घेऊन जातो अन् इकून टाकतो. आई, तू साक्षी."

"हाव," बुढी म्हणाली.

गॅरेजवाल्यानं फिल्टर काढून दाखवला. आत चहापत्तीसारखा गंज. बुढीनं तो उजेडात धरून पाहिला आणि त्या दिवसापासून अमावस्या धरली. गाडी रस्त्यात बंद पडायला नको, बस. मला वाटलं, ही माझ्याहून गाडीवेडी निघाली; कुठंही निघालो की मागं येऊन बसायचीच.

एकदा मात्र तिनंच घोळ केला. डोळ्यांनी बाण दिसेना, म्हणून बाणाच्या टोकाला कुंकू लावलं. कोरडं, चांगलं चिमूटभर. त्यातलं बरंचसं फिल्टरच्या तोंडात गेलं, तेही कार्बोरेटरच्या बाजूच्या तोंडात. म्हणजे दारात पहारेकरी उभा केला आणि चोराला आधीच घरात बसवलं. गाडी फाटकापर्यंत गेली, खोकली, बंद. नेमका प्रकाश सुट्टीला आलेला, ओसरीवर चहा पीत होता.

"पडली ना बंद?" तो उठलाच.

"बंद कुठी पडली? म्या करवली बंद. त्याईचा चहा राह्यला."

"आई, बाबानं आत्ताच घेतला चहा."

"मंग अर्धा राह्यला असन! अन् रस्त्यात कुठी हाये? चाक पाह्य, आंगनात हाये."

प्रकाशनं खरंच वाकून पाहिलं. मागचं चाक अंगणात, पुढचं रस्त्यावर.

"मागचंच चाक गाडी चालवते," बुढी म्हणाली. खटला खारीज.

गॅरेजवाल्यानं कार्बोरेटर उघडलं, आत लालीलाल पाहून म्हणाला, "काका, गाडीचं लगन लावलं काय?"

त्या शेवटच्या अमावस्येला फिल्टर बदलला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवून आडवी झाली, ते उठलीच नाही. डॉक्टरनं दुखण्याचं काहीतरी नाव सांगितलं. मी पुन्हा विचारलं नाही. नाव कळून काय करता?

तेरवी झाली, पाहुणे गेले. संध्याकाळी प्रकाशनं विषय काढला. "बाबा, आता फिल्टर कोन बदलवन? गाडी मी नेतो."

त्याला उत्तर देणं हे बुढीचं खातं होतं. मी भिंतीकडं पाहत बसलो.

आमची सून रंजना भांडी आवरत होती. ती म्हणाली, "गाडी नेऊ नका. आईनं तिच्यासाठी लय सोसलं."

"तिनं काय सोसलं?" मी विचारलं. "तिले तं गाडीचा शौक होता."

"शौक कायचा, बाबा? आईले गाडीचं लय भेव लागे. पुलावर तुमच्या मांगं डोळे मिटून बसत. मले सांगत, कोनाले बोलू नोको म्हने."

"मंग बसे कावून?" प्रकाशनं विचारलं.

"म्हनत, गाडी गेली का हा मानूस खाटीवर बसन. खाटीवर बसला का बुढा होईन. मले नवरा झेपते, बुढा नाई झेपत."

घरी जिचं तोंड घडीभर बंद नसे, ती गाडीवर गप्प का असायची, ते मला तेव्हा कळलं. आणि मी तिला मजा येते समजून पुलावर मूठ पिळून गाडी पळवत होतो.

सकाळी मी गाडी बाहेर काढली. रंजना भाजीला निघाली होती, हातात पिशवी.

"बस मांगं."

"बाबा, मले भेव लागते."

"लागलं का पाठीवर हात मारजो. चूप नोको बसू."

ती बसली. प्रकाश फाटकात उभा होता. त्यानं चावी मागितली नाही, फाटक उघडून धरलं.

पुलाच्या चढालाच रंजनानं पाठीवर हात मारला. मी गाडी हळू केली. तिनं पुन्हा मारला, मी आणखी हळू केली. मागून सायकलवर एक दूधवाला आला, कॅन वाजवत पुढं गेला आणि वळून हसला. मी हसू दिलं त्याला.