माणिकपुरी मोटारीचा सांगाडा ताठ केल्याची आणि जूचंद्रच्या मिठागरी फत्ते जाहल्याची हकीकत

स्वस्ति. जगाच्या कर्त्याने माणसास अक्कल दिली आणि मोटारही दिली, परंतु दोन्ही एकाच हाती दिल्याचे दाखले थोडे, आणि त्या थोड्यांत मौजे माणिकपूरचे राजश्री फ्रेडरिकराव येत नाहीत, हे आरंभीच लिहून ठेवावे, म्हणजे पुढील मजकुरास कोणी दचकणार नाही. शके एकोणीसशे वीस, बहुधान्यनाम संवत्सरे, वैशाखमासी, इसवी सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, वसई प्रांती जी मोहीम जाहली, तीत लोखंड किती खर्ची पडले आणि अब्रू किती, ते येणेप्रमाणे.

फ्रेडरिकरावांचे पदरी एक विलायती शर्यतीची मोटार होती. लाल रंगाची, दोन आसनांची, उघड्या टपाची, आणि वयाने खाशांहून चार वर्षे वडील. त्यांचे तीर्थरूप आल्बर्टराव बोटीवर बबर्ची होते, ते चाकरी सोडून येताना ही जिन्नस घेऊन आले, आणि मग ती घरामागील पडवीत विराजमान जाहली. तिचा सांगाडा, ज्यास चॅसी म्हणतात, तो शिडीसारखा होता. दोन लांब लोखंडी दांडे आणि मध्ये थोड्या आडव्या पायऱ्या. विलायतेच्या गुळगुळीत रस्त्यांस तो पुरत असेल; वसईच्या खड्ड्यांत तो ओल्या फडक्यासारखा पिळे, आणि वळण आले की मोटारीचे दार आपण होऊन उघडे.

ऐसियात एके रविवारी चर्चात मिस्सा आटोपून खाशी स्वारी बाजारात निघाली. संगे कुटुंब मटिल्डाबाई, मांडीवर अंड्यांची टोपली. रिक्षा स्टँडाचे वळणावर सांगाडा पिळला, दार उघडले, आणि मटिल्डाबाई अंड्यांसह रस्त्यावर दाखल जाहल्या. मग रिक्षावाल्यांच्या फौजेत मोठा गलबला उठला. एक म्हणाला, "काकू, सांगायचं तरी, स्टँड आला म्हणून!" दुसरा म्हणाला, "आम्लेट किती जणांचं लावू?"

त्या समयी तेथे हर्षवर्धन नामे एक फ्लॅटधारक हजर होता. हा मुंबईस बँकेत मोठ्या खुर्चीवर बसे, कमरेस पेजर लावी, आणि त्याने तशाच जातीची एक हिरवी मोटार नुकतीच पैदा केली होती. तिला हातमोजे घालून चालवी. वसईच्या वैशाखात हातमोजे, यावरून माणसाची पारख व्हावी. तो काळा चष्मा कपाळी चढवून म्हणाला, "फ्रेडीअंकल, ही स्पोर्ट्स कार नाही हो, फोल्डिंगची खाट आहे. येता का एकदा मिठागरावर? पुढच्या रविवारी. होऊन जाऊ दे रेस."

फ्रेडरिकरावांनी तेथल्या तेथे होय म्हटले, कारण नाही म्हणण्यास विचार लागतो.

मग मटिल्डाबाईंचे फर्मान सुटले. या मुलखात हुकूम बाईंचा चाले आणि खाशांचा फक्त शिक्का. पडवी त्यांस मसाला कांडण्याचे डंकासाठी कित्येक वर्षे हवी होती. फर्मान ऐसे की, ही गाडी जन्मात एकदा काही जिंकून दाखवील तर पडवीत राहील. हरली तर सोमवारी सकाळी भंगारवाला बोलावला जाईल आणि त्यास चहाही पाजला जाईल. फ्रेडरिकराव म्हणाले, "मटिल्डा, बाबांची गाडी आहे ती." बाई म्हणाल्या, "बाबांना कधी पाडलं तिनं रस्त्यावर? मला पाडलं."

बापाची एवढीच एक वस्तू उरलेली, ती भंगाराच्या काट्यावर जाणार, या धास्तीने खाशांनी अन्न अर्धे केले, म्हणजे पाव चाराचे तीन केले, आणि मसलत भरविली. ठरले की सांगाडा ताठ करावा. कामगिरीवर जूचंद्रचे जयराम मिस्त्री नामजाद जाहले. या मिस्त्रींनी फुलपाड्याच्या निम्म्या इमारतींस खिडक्यांचे ग्रिल बसविले होते, आणि त्या बळावर त्यांस जगातील सर्व लोखंड आपले मांडलिक वाटे. मोटार त्यांनी पूर्वी फक्त रस्ता ओलांडताना पाहिली होती.

मग मोटारीचे अंग उतरविले, सांगाडा उघडा करून अंगणात लाकडी ठोकळ्यांवर ठेविला, आणि वेल्डिंगचे यंत्र गुरगुरू लागले. दांडे पन्हळीसारखे एका बाजूने उघडे होते, ते पट्ट्या मारून पेटीसारखे बंद करावे आणि पायऱ्यांमध्ये लोखंडी फुल्या टाकाव्या, हा बेत. बेत चांगला होता. माणसांचा इलाज नव्हता. मिस्त्रींनी सवयीप्रमाणे एका फुलीत कमळ काढिले आणि दुसरीत उगवता सूर्य.

आता गावची रीत ऐसी की, कोणाचे अंगणात काम निघाले म्हणजे वडीलधाऱ्यांनी जाऊन बसावे. कामास हात लावावयाचा नाही, सल्ला द्यावयाचा. त्याप्रमाणे मटिल्डाबाईंचे बंधू रुडॉल्फराव, देहाने भारी आणि मताने त्याहून भारी, चार वृद्ध सरदारांसह दाखल जाहले. खुर्च्या चर्चच्या सभेस गेल्या होत्या. आंब्याची सावली सांगाड्याच्या डाव्या दांड्यावर पडली होती. मग पाचही सरदार डाव्या दांड्यावर ओळीने बसले, आणि बाजारभाव, बिशपसाहेबांची प्रकृती व नव्या इमारतींचे पाणी या विषयांवर मुलूखगिरी सुरू जाहली.

वडील माणसास ऊठ म्हणावयाची त्या गावात रीत नाही. फ्रेडरिकराव म्हणाले नाहीत, कारण मेहुणा. मिस्त्री म्हणाले नाहीत, कारण वय. ठिणग्या पायाशी आल्या की सरदार पाय तेवढे वर घेत, आणि रुडॉल्फराव फर्मावीत, "बसून केलेलं काम पक्कं होतं." डावा दांडा पाच देहांखाली वाकला, आणि वाकल्या जागी मिस्त्रींनी त्यास पट्ट्या मारून कायमचा केला. संध्याकाळी सरदार उठले. दांडा उठला नाही.

मग अंग चढविले. उजवे दार बसले, डावे दार हातोड्याने बसविले, ते पुन्हा उघडेना. फ्रेडरिकरावांनी मागे उभे राहून पाहिले आणि त्यांचा चेहरा गुड फ्रायडेचा जाहला.

"जयराम, ही डावीकडे कलली रे."

"कलली आसंल," मिस्त्री बोलले, "पन हलते का? हलवून दाखवा. तुमी घट्ट सांगितलंत, सरल कोनी सांगितलं व्हतं?"

हालवून पाहिले. हलेना. या एका गोष्टीत मिस्त्री खरे निघाले, म्हणून त्यांची मगरुरी दुप्पट जाहली. परंतु रस्त्यावर काढिताच मोटार डावीकडे ओढू लागली, आणि उजवीकडे वळविणे म्हणजे म्हशीस तळ्यातून काढणे. स्टेशनास निघालेली खाशी स्वारी चर्चभोवतीच तीन वेळा फिरली. दारातल्या बायकांनी नवस समजून हात जोडले. सांगाडा कापून पुन्हा जोडण्यास अवकाश नव्हता, कारण उद्या रविवार.

रविवारी जूचंद्रच्या पडीक मिठागरावर दोन्ही फौजा भिडल्या. उन्हाने जमीन तव्यासारखी कडक, एका अंगास मात्र खाडीचा चर आणि त्यात गुडघाभर चिखल. मिठागरास दहा फेरे घालावयाचे. फेरे कोणत्या हातास, यावर तंटा पडला. गावकरी म्हणाले, प्रदक्षिणा उजवी घालावी, देवाची रीत. तेव्हा हर्षवर्धन हसून म्हणाला, "काका, हे देऊळ नाही, रेस आहे. फॉरेनला मी स्वतः बघितलंय, सगळे डावीकडेच वळतात. डावीकडेच घ्यायचं!"

हे ऐकून फ्रेडरिकरावांचे काळजात घंटा वाजल्या. परंतु त्या दिवशी, आयुष्यात प्रथमच, त्यांस मुत्सद्देगिरी सुचली. त्यांनी मान हालविली, सुस्कारा टाकिला, "आम्हाला सवय नाही हो," ऐसे दोनदा म्हटले, आणि मग मोठे उपकार केल्यासारखे कबूल जाहले. मिस्त्रींस हसू आवरेना, तेव्हा रुडॉल्फरावांनी त्यांचे पायावर पाय दिला, आणि त्यानंतर हसू आले नाही.

मग रुमाल पडला आणि मोटारी सुटल्या. हर्षवर्धनाने आपली मोटार ताठ केली नव्हती. मूळ वस्तूस हात लावणे म्हणजे अडाणीपणा, ऐसे त्याचे मत. त्याने फक्त आकडा रंगविला होता आणि दोन पांढरे पट्टे ओढिले होते. सरळ वाटेवर पट्टे फार शोभले. वळणावर हिरवा सांगाडा पिळला, उजवे दार उघडले, आणि राजश्रींनी एका हाताने दार धरिले व एका हाताने चक्र. हातमोजा घसरला. मोटार सरळ चरात गेली आणि धन्यासह चिखलात रुतली. पेजर तेवढ्यात वाजला, मग बुडाला.

इकडे फ्रेडरिकराव वळतच राहिले. त्यांस चक्र फिरवावे लागलेच नाही. धरून बसावे लागले. शत्रू पडला तरी दहा फेरे हा करार, म्हणून दहाही घातले, आणि थांबावयाचे ध्यानी येईपर्यंत आणखी दोन. मर्दुमकी म्हणावी ती याहून फारशी नव्हती. परंतु पलीकडे तर तितकीही नव्हती.

मग मटिल्डाबाई पुढे जाहल्या. ज्यातून आपण अंड्यांसह पडल्या होत्या त्या डाव्या दारास त्यांनी तळहात लाविला आणि रेटिले. मग खांदा लाविला आणि रेटिले. दार हलले नाही. बाईंनी नवऱ्याकडे पाहिले. तो मिठाने पांढरा, डोळे मात्र ओले, आणि त्याने चक्र अजून सोडिले नव्हते.

"उतर खाली," बाई म्हणाल्या. "राहू दे तिला. पण कोंबड्यांच्या अंगावर धूर सोडलास तर तुलाही भंगारात घालीन."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. जिंकलेल्या मुलखाची नोंद: घरामागील पडवी, एक मोटार उभी राहील इतकी. पूर्वेस विहीर, दक्षिणेस केळी, पश्चिमेस खुराडे, उत्तरेस मसाल्याचा डंक, जो बाईंनी त्याच आठवड्यात आणून बसविला आणि ज्यासाठी फ्रेडरिकरावांनी जिंकल्या मुलखातून दीड हात बिनतक्रार सोडिला. सदरहू चतुःसीमेत खाशांनी सुखे नांदावे.